उजळलेलं मशीन

जावईबापूंनी सासऱ्यांचं गवत कापायचं मशीन एका दिवसासाठी मागून आणलं आणि आठवडाभर ठेवून घेतलं. गवत पहिल्याच दिवशी कापून झालं होतं. घोडं अडलं होतं ते मशीनच्या प्लास्टिकच्या झाकणापाशी. एके काळचं लालभडक झाकण उन्हाने पांढुरकं गुलाबी पडलं होतं. नुसता हात फिरवला तरी बोटांना भुकटी लागायची. जावयाच्या हातून एखादं काम धड होईल, यावर सासऱ्यांचा काडीचा विश्वास नव्हता. भिंतीत खिळा ठोकायचा असला तरी ते "राहू द्या, मी येतो" म्हणत. या खेपेला त्यांची बोलती बंद करायचीच, असं जावईबापूंनी ठरवलं.

"अहो, नसते उद्योग कशाला? आहे तसं देऊन टाका," बायको म्हणाली.

"तू बघच. बाबा तोंडात बोट घालतील."

आणि खरं सांगायचं तर काम फक्कड झालं. त्यांनी झाकण साबणाने धुतलं, बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वरचा मेलेला थर हलक्या हाताने काढला, रबिंगची पेस्ट लावून खांदे भरून येईपर्यंत घासलं आणि वर मेणाचं पॉलिश चढवलं. आतला लाल रंग असा उजळून निघाला की बायकोने त्यात बघून केस सारखे केले. घासण्याच्या भरात कंपनीचं स्टिकर गेलं, ते गेलं. हात लागलाच आहे तर म्हणून त्यांनी गंजलेले स्क्रू बदलले आणि इंजिनचा काजळलेला स्पार्क प्लगही साफ करून टाकला.

रविवारी मशीन सासऱ्यांच्या अंगणात उतरलं. सासऱ्यांनी चष्मा पुसून त्याला एक फेरी मारली.

"हे कुणाचं?"

"तुमचंच, बाबा. पॉलिश केलंय मी."

"तुम्ही?" सासऱ्यांना हसू आवरेना. "स्टिकर कुठंय मग?"

"घासताना गेलं."

"आणि हे स्क्रू?"

"गंजले होते, बदलले."

"म्हणजे माझं मोडलंत आणि नवं आणलंत. सरळ सांगा की!"

"अहो बाबा, खालचं पातं तरी बघा! जुनंच आहे."

"नव्या मशीनला जुनं पातं लावलंत? कमाल आहे बुवा तुमची!"

"बरं, चालवून बघा," म्हणत जावईबापूंनी मोठ्या ऐटीत दोरी ओढली. मशीन पहिल्याच झटक्याला सुरू झालं आणि तिथेच सगळा घात झाला.

"संपलं!" सासरे म्हणाले. "माझं मशीन शिव्या खाल्ल्याशिवाय कधी सुरू झालेलं नाही."

जावईबापूंनी आशेने बायकोकडे पाहिलं. "मी म्हटलंच होतं, आहे तसं द्या म्हणून," ती म्हणाली. हे ऐकून दारात उभ्या असलेल्या सासूबाईंचा चेहराच उतरला.

"माझ्या वडिलांची तेवढी एकच वस्तू उरली होती घरात," असं म्हणून त्या आत निघून गेल्या.

जावईबापूंना फार वाईट वाटलं. जन्मात एक काम मनासारखं जमलं होतं आणि नेमकं तेच कुणी कबूल करायला तयार नव्हतं. सासऱ्यांनी त्यांना दंडाला धरून मागच्या अडगळीच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"हिला अजून माहीत नाही," ते हळूच म्हणाले. "हिच्या वडिलांचं मशीन मीही असंच मागून आणलं होतं. दुसऱ्याच दिवशी दगडावर घालून मोडलं. मग गुपचूप तसलंच नवं आणलं."

"त्यांना कळलं नाही?"

"कळेल कसं? अख्खा उन्हाळा गच्चीवर तापत ठेवलं, चांगलं फिकं पडेपर्यंत. गवत संपत नाही म्हणून सांगत राहिलो. तुम्ही घाई केलीत, जावईबापू." त्यांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. इतक्या वर्षांतली ती पहिलीच थाप. "पण काही म्हणा, अगदी माझ्यावर गेलात!"

जावईबापूंनी खरं सांगायला तोंड उघडलं. सासऱ्यांचा हात अजून पाठीवरच होता.

"चुकलंच, बाबा," ते म्हणाले. "पुढच्या वेळी आधी उन्हात ठेवीन."