भाग अकरा दाखवा!

"आज संध्याकाळी पाच वाजता हॉलमध्ये या! माझी आई पडद्यावर दिसणार आहे! आणि जे येणार नाहीत, त्यांनी उद्या माझ्या दारात हळहळायला येऊ नये!"

रविवारची मिस्सा सुटल्यावर सॅन्टन सरांनी हे चर्चच्या आवारात जाहीर केलं. सर अठ्ठावन्न वर्षांचे, भूगोल शिकवून नुकतेच निवृत्त झालेले. साठ पोरांच्या वर्गाला गप्प करणारा आवाज त्यांच्याकडे तसाच शिल्लक होता, फक्त तो वापरायला वर्ग उरला नव्हता. त्यामुळे तो आता निर्मळ गावाला ऐकावा लागे.

गोष्ट अशी, की एकतीस वर्षांपूर्वी 'बावखल' नावाची मालिका इथे निर्मळमध्ये चित्रित झाली होती. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. मालिकेच्या अकराव्या भागात सरांच्या आईला, आग्नेसबाईंना, एक अख्खं वाक्य मिळालं होतं. मुंबईहून परतलेला नायक बावखलात उतरायला निघतो, तेव्हा काठावर फुलं ओवत बसलेली बाई मान वळवून म्हणते, "जपून रे बाबा, पाणी खोल आहे!"

एवढंच! पण तेवढ्यावर बाई गावात 'खोल पाणीवाली आग्नेस' झाल्या. आणि गंमत बघा, सगळ्या गावाने तो भाग पाहिला, एकट्या आग्नेसबाईंनी पाहिला नाही! कारण भाग लागला साडेसातला आणि घरात रोझरी सुरू झाली सव्वासातला. सरांचे वडील गुडघ्यावर बसले की देवाशिवाय कोणाचं ऐकायचे नाहीत. त्या दिवशी तर त्यांनी लांबच्या नातेवाइकांसाठीही एकेक प्रार्थना जोडली. "आमेन" म्हणून आग्नेसबाई शेजारच्या स्टॅनीकडे धावल्या, तोवर तिथे साबणाची जाहिरात लागली होती.

तरी आशा होती. स्टॅनीने दुबईहून व्हीसीआर आणला होता आणि मालिकेचे सगळे भाग कॅसेटवर रेकॉर्ड करून ठेवले होते. "उद्या बघू, परवा बघू" करता करता दोन वर्षं गेली. स्टॅनी व्हीसीआर घेऊन कॅनडाला गेला आणि कॅसेटची ट्रंक सरांच्या माळ्यावर ठेवून गेला. पुढे कळलं, की वाहिनीने जागा करायला मालिकेच्या मूळ टेपा केव्हाच पुसून टाकल्या!

सर जे पेटले ते पेटलेच! वाहिनीला त्यांनी एकोणीस पत्रं लिहिली. "ज्यांना ठेवा सांभाळता येत नाही, त्यांनी ठेवा ठेवूच नये!" हे वाक्य प्रत्येक पत्रात होतं. सर कोणावर एकदा रागावले की तो राग लोणच्यासारखा मुरवत ठेवायचे. व्हिडिओवाल्या धर्माचंच घ्या. त्याने सरांच्या लग्नाची कॅसेट दिली नाही, म्हणून अठ्ठावीस वर्षं सर त्याच्याशी बोलत नव्हते. "कॅमेरा पाण्यात पडला म्हणे! असं कुठे असतं का?" हे जॉयसबाईंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, संसारात मीठ-मिरचीइतक्या वेळा ऐकलं होतं.

अशातच सरांचा जुना विद्यार्थी परेश पुढे आला. तो विरारला राहायचा आणि छोटे माहितीपट करायचा. 'बावखल'वर माहितीपट करायचा, पैसा लोकवर्गणीतून उभा करायचा, असं ठरलं. मालिकेच्या चाहत्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप होताच. सर आणि उमेळ्याच्या नव्या इमारतीत राहणाऱ्या लतिकाबाई त्याचे ॲडमिन. पुण्या-नाशिकपासून चारशे बारा जणांनी वर्गणी दिली आणि सरांनी माळ्यावरची ट्रंक स्वतः उचलून परेशच्या स्कूटरवर बांधली.

"एकही कॅसेट हरवलेली नाही," सर म्हणाले. "वाहिनीला जमलं नाही ते आम्ही करून दाखवलं!"

तर त्या संध्याकाळी हॉल खच्चून भरला. पहिल्या रांगेत आग्नेसबाई. वय चौऱ्याऐंशी, नेसूची नवी साडी, डोळ्यांवर मोतीबिंदू काढल्यानंतरचा नवा चष्मा. ऑपरेशनला त्या इतकी वर्षं तयार नव्हत्या, यासाठी तयार झाल्या होत्या. शेवटच्या रांगेत धर्माही येऊन बसला होता. सरांनी त्याच्याकडे न बघण्यासाठी मान इतकी वळवली, की जॉयसबाईंनी विचारलं, "उसण भरली का?"

दिवे गेले. टाळ्या पडल्या. पडद्यावर ड्रोनमधून केळीच्या बागा दिसल्या. मग ड्रोनमधून समुद्र. मग ड्रोनमधून परत केळीच्या बागा. मग परेश स्वतः, गळ्यात मफलर गुंडाळून किनाऱ्यावर चालताना! मे महिन्यात!

"हा कुठे चाललाय?" आग्नेसबाईंनी विचारलं.

"येईल आता तुझा सीन," सर म्हणाले.

मग मालिकेची नायिका आली आणि सकाळी उपाशीपोटी काय प्यावं ते दहा मिनिटं सांगून गेली. एक समीक्षक आले. 'अवकाश' हा शब्द त्यांनी सात वेळा वापरला. मालिकेचे तुकडे दिसले, पण कसे? डोळा मिटून उघडावा एवढे! चौथ्या भागातली भांडणं, आठव्या भागातला पूर, दहाव्या भागातलं पत्र. पुढचा तुकडा थेट बाराव्या भागाचा!

सर ताडकन उठले. "थांबवा! आधी थांबवा ते!"

पडदा थांबला. लॅपटॉपपाशी बसलेला परेश गळ्यातल्या मफलरसकट गोठला.

"दहानंतर किती येतात, परेश? मी तुला भूगोल शिकवला, पण गणितही तू शिकला असशील! अकरावा भाग कुठे आहे?"

"सर, आपण नंतर बोलू या."

"नंतर नाही, आत्ता! चारशे बारा माणसांनी पैसे दिले ते तुझा मफलर बघायला? माझी आई डोळ्यांचं ऑपरेशन करून बसलीये इथे!"

"अगदी बरोबर!" लतिकाबाई उसळल्या. "मी पुण्याच्या लोकांना काय तोंड दाखवू? ही फसवणूक आहे!"

बघता बघता हॉल उठला. नाशिकचे एक गृहस्थ, जे दोन गाड्या बदलून आले होते, ते खुर्चीवर चढले. कोणीतरी ओरडलं, "भाग अकरा दाखवा!" आणि मग सगळेच ओरडायला लागले. सर व्यासपीठावर गेले. त्या आवाजाला किती वर्षांनी मोठा वर्ग मिळाला होता!

"मित्रहो! वाहिनीने आपला ठेवा पुसला. आज आपलाच माणूस तो कापून टाकतोय! ट्रंकेत चोवीस कॅसेट होत्या, मी मोजून दिल्या होत्या! मग एकच का गाळली?"

परेश त्यांच्या कानाशी आला. "सर, हात जोडतो, नका. मी तुमच्यासाठीच तो काढला. कॅसेट आहे माझ्याकडे, पण..."

"आहे ना?" सर गरजले. "ऐकलंत? आहे म्हणतोय! लाव मग! आत्ता, सगळ्यांसमोर!"

"सर, खरंच नका."

"दाखवा! दाखवा!" हॉल म्हणाला.

परेशने हताश होऊन लॅपटॉपवर काहीतरी दाबलं.

पडद्यावर मुंग्या आल्या, मग नावं आली. 'बावखल, भाग अकरावा.' नायक पायवाटेने उतरत होता. काठावर एक बाई पाठमोरी बसून फुलं ओवत होती. अंबाड्यात अबोलीचा गजरा. आग्नेसबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "मी! ती मीच!" बाईने सुई थांबवली. ती मान वळवायला लागली...

आणि पडद्यावरचं चित्र चर्रकन फाटलं. ढॅण् ढॅण् ढॅण् करत बँड वाजायला लागला!

तीच वाडी, तेच बावखल. पण आता डोक्यावर घागरी घेतलेल्या तीस-चाळीस बायका नाचत येत होत्या. लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्या मुलाच्या आंघोळीसाठी वाजतगाजत आणतात, ते उंबराचं पाणी!

"हे तर आपल्या लग्नाचं!" जॉयसबाई किंचाळल्या.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीची ती सकाळ सरांना लख्ख दिसली. न्हावी दाढी करतोय, घरभर पाहुणे, आणि दारात उभा धर्मा म्हणतोय, कोरी कॅसेट विरारला राहिली. आणि साबणाने भरलेल्या तोंडाने नवरा मुलगा खेकसतोय, "माळ्यावर ट्रंक भरून पडल्यात! घे ना त्यातली कुठलीही!"

पडद्यावर बायका थेट कॅमेऱ्याकडे येत होत्या, म्हणजे कॅमेरेवाला धर्मा मागे मागे चालत होता. बायकांच्या पुढे छप्पन्न वर्षांच्या आग्नेसबाई. नाचता नाचता त्या थबकल्या, सरळ कॅमेऱ्यात बघितलं आणि हात वर करून ओरडल्या, "ए धर्मा! जपून रे बाबा, पाणी खोल आहे!"

धप्प!

मग पडद्यावर नुसतं आभाळ आणि माडाचा शेंडा. धर्माने एका हाताने कॅमेरा पाण्याच्या वर धरला असणार. बँड थांबला होता, बायका हसत होत्या, आणि कॅमेऱ्याखालून बुडबुड्यांतून आवाज येत होता, "कॅसेट वाचवा! कॅसेट वाचवा!" मग कॅमेराही बुडाला आणि अंधार.

हॉल हसून हसून खुर्च्यांवरून घसरायला आला. शेवटच्या रांगेत धर्मा उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते काही हसण्याचं नव्हतं.

"सांगत होतो ना, कॅमेरा पाण्यात पडला म्हणून! कॅसेट वाळवून त्याच ट्रंकेत ठेवली, हेही सांगायला आलो होतो. तू दार लावून घेतलंस, सॅन्टन!"

सर व्यासपीठावरून खाली उतरायला लागले. आता आवाज चढला तो लतिकाबाईंचा. "म्हणजे अकरावा भाग तुम्हीच पुसलात, सर? आणि एकोणीस पत्रं वाहिनीला?" नाशिकचे गृहस्थ खुर्चीवरून उतरले, ते सरांच्याच दिशेने. पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "ज्यांना ठेवा सांभाळता येत नाही..." आणि पुढचं वाक्य सगळ्या हॉलने पूर्ण केलं. सरांच्या पत्रांची प्रत ग्रुपवर प्रत्येकाला आलेली होती.

सर कसेबसे आईपाशी आले. "आई, माफ कर. तुझा सीन मीच घालवला."

आग्नेसबाई चष्मा पुसत होत्या. "मी दिसले की रे! वाक्यही म्हटलं. मालिकेत तर त्यांनी मला पाच वेळा म्हणायला लावलं होतं, इथे एकदाच म्हटलं आणि झकास झालं." मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "एक मात्र आहे. त्या हिरोला मी सांगितलं, त्याने ऐकलं नाही, पाण्यात उतरला. धर्माला सांगितलं, तो पडला. आणि आज हा पोरगा मघापासून हात जोडून 'नका सर, नका सर' करत होता..."

एवढं बोलून त्यांनी परेशकडे वळून फर्मावलं, "लाव रे, परत लाव! आणि ते पहिलं समुद्राचं नको, सरळ धर्मा पडतो तिथून!"