'आँ'ची सुनावणी

नवरा दंतवैद्य होता आणि बायको पोहायला शिकवायची. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपणच बोलत राहायची त्याला सवय, तर तलावाच्या पार पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल असं ओरडायची तिला. या संसारात ऐकून घेणारं कोणीच नसल्यामुळे प्रकरण कौटुंबिक न्यायालयात गेलं. न्यायाधीशबाईंनी दोघांचं ऐकायचा प्रयत्न केला, कानशिलं दाबली आणि अंतरिम हुकूम दिला : निकाल लागेपर्यंत उभय पक्षांनी एकाच घरात वेगवेगळ्या खोल्यांत राहावं आणि एकमेकांशी प्रत्यक्ष, अप्रत्यक्ष वा खाणाखुणांनीही बोलू नये. काय सांगायचं ते वकिलांमार्फत.

घर चिडीचूप झालं. न्हाणीघराचा नळ नीट बंद करा, एवढं सांगायचं असलं तरी बायको आपल्या वकीलबाईंना कळवी, वकीलबाई त्याच्या वकीलसाहेबांना, आणि वकीलसाहेब उत्तर धाडत, "सदर नळाबाबत आमच्या अशिलाचे म्हणणे राखून ठेवण्यात येत आहे." तोवर टाकी रिकामी झालेली असे.

मग कोर्टाला सुट्टी लागली, दोन्ही वकील गावाला गेले आणि नेमकी बायकोची दाढ ठणकायला लागली.

दंतवैद्याला बैठकीच्या खोलीतून सगळं दिसत होतं. तिचा गाल टम्म फुगला होता, डोकं धरून ती स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होती. त्याचा जीव वरखाली व्हायला लागला. ती कोपऱ्यावरच्या त्या दुसऱ्या दंतवैद्याकडे गेली तर? तो तर चांगली दाढ उपटून किडकी जपणारा माणूस! शेवटी न राहवून तो स्वयंपाकघराच्या दारात गेला आणि म्हणाला, "तोंड उघड."

हुकूम मोडला तो इथे.

बायकोने तोंड उघडलं. "दुखतंय?" त्याने विचारलं.

"आँ," ती म्हणाली.

सुट्टी संपली. अशिलाची भरलेली दाढ पाहून वकीलबाईंनी खोदून खोदून विचारलं आणि नवऱ्यावर अवमानाचा अर्ज ठोकला. सुनावणीत वकीलसाहेब कसले गप्प बसतात! "संभाषणाला दोघं लागतात, मॅडम. 'आँ' कोण म्हणालं?"

"'आँ' हा शब्दच नाही," वकीलबाई उसळल्या. "तो उद्गार आहे!"

"पण त्यावरून माझ्या अशिलाला कळलं ना, की दुखतंय?"

"लग्नानंतर पहिल्यांदाच कळलं," बायको पुटपुटली. दंतवैद्याला एकदम खुदकन हसू आलं. ते त्याने खोकल्यात दडवलं.

टंकलेखकाने मान वर केली. "मॅडम, 'आँ'वर चंद्रबिंदू द्यायचा?"

"द्या," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "आणि या दोघांना सक्त ताकीद द्या."

ताकीद मिळाली मात्र, दोघांच्या अंगात वारं शिरलं. बायको तोंडाला स्कार्फ गुंडाळून, खोटं नाव सांगून दवाखान्यात यायला लागली, धडधाकट दात तपासून घ्यायला. दंतवैद्य टोपी आणि गॉगल चढवून तलावावर नवशिक्यांच्या वर्गात दाखल झाला. इतक्या वर्षांत ज्या गोष्टी त्यांनी एकमेकांना सांगितल्या नव्हत्या, त्या आता पाण्यात कुजबुजून सांगितल्या जाऊ लागल्या. ती जवळ आली की तो हातपाय मारायचे विसरे आणि नाकात पाणी जाई. त्या अवतारात त्याला सख्ख्या आईनेही ओळखलं नसतं. सासूबाईंनी ओळखलं.

"जावई बुडायचं नाटक करत होते," त्यांनी वकीलबाईंना फोनवर सांगितलं, "आणि आमची लेक त्यांना वाचवत होती. पुन्हापुन्हा! एका माणसाला किती वाचवायचं?"

दोन्ही वकिलांनी मग कारकिर्दीत प्रथमच एकत्र अर्ज केला, तोही आपल्याच अशिलांविरुद्ध. उभय पक्षकार आपसात हसत असून त्यामुळे वादाचं कधीही भरून न येणारं नुकसान होत आहे, असं त्यात म्हटलं होतं.

न्यायाधीशबाईंनी अर्ज वाचला, चष्मा काढला, डोळे पुसले. "अहो, मग खटला कशाला चालवताय? मनाई उठवली. घरी जा आणि पोटभर बोला!"

दोघं धावतच घरी आले. समोरासमोर बसले.

"बोला ना," बायको म्हणाली.

"काय बोलू?"

"जे पाण्यात बोलायचात ते."

"ते असं कोरड्यावर कसं बोलणार?"

पंखा फिरत राहिला. थोड्या वेळाने त्याने मोबाइल काढला, मग तिनेही काढला. दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडायच्या आधीच दोघं दारात उभे होते.

"मॅडम, बंदी परत द्या," दंतवैद्य काकुळतीला आला. "पाहिजे तर आणखी कडक द्या!"

"मनाईला आधी वाद लागतो," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "गुण्यागोविंदाने राहणाऱ्यांना कायदा काहीही देऊ शकत नाही."

दोघं जिना उतरायला लागले.

"तू सुरुवात कर," तो म्हणाला.

"मीच का? दर वेळी मीच का?"

"कारण तुझा आवाज मोठा आहे!"

"माझा? माझा आवाज?"

खालच्या पायरीवर पोचेपर्यंत दोन्ही वकील हात पसरून त्यांच्या स्वागताला उभे होते.

तुम्हाला हसू आलं असेल. पण शेजारच्या खोलीत तुमचं जे माणूस बसलंय, त्याच्याशी तुम्ही बोलत नाही, तो कुठल्या न्यायालयाचा हुकूम?