तळघरी राजे पडले त्याची हकीकत

श्री. वेलीस गोडी देणारी आणि मनुष्यास अक्कल देण्यास विसरणारी जी शक्ती, तीस दंडवत घालून लिहितो. शके १८८९, प्लवंग नाम संवत्सर, फाल्गुन मास. ते समयी निंबाजीराजे आपले राज्यी सुखरूप होते. राज्य म्हणजे घरामागील तीस द्राक्षवेली, आणि फौज म्हणजे राणी मंजुळाबाई व हिलाल माळी, दोघेच. राजियांनी द्राक्षाचे बी दाताखाली फोडून पाहिले, ते कुरकुरीत लागले, मग फळ पिकले ऐसा निश्चय जाहला आणि वाइन करावी ऐसी मर्जी जाहली. प्रातःकाळी ऊन चढण्याअगोदर तिघे कात्र्या घेऊन मांडवात शिरले आणि घड उतरू लागले, तो गांधीलमाश्यांनी हल्ला केला. मंजुळाबाई मुळच्याच भित्र्या, त्यांचा जीव टांगणीस लागला, परंतु राजे हटले नाहीत. मग बारा टोपल्या भरल्या, आणि घड पिंपात घालून तुडविले, आणि पिंप तीन पायऱ्या खाली तळघरात ठेविले.

तेथे चूक जाहली. रसावर चिलटे फार येतात म्हणोन राजियांनी खिडकी, फटी, उंदराचे बीळ, सर्व चिंध्या कोंबून आणि चिखल लिंपून बंद केले. "आता मुंगीसुद्धा आत यायची नाही," ऐसे म्हणोन मिशीस पीळ भरला. चार दिवसांत रस उसळला आणि साली वर तरंगल्या आणि दाराआडून खदखद ऐकू येऊ लागली. तो आवाज ऐकून बाईंस अन्न गोड लागेना.

पाचवे दिवशी दोनप्रहरी राजे साली खाली दाबावयास दांडा आणि कंदील घेऊन निघाले. दुसऱ्या पायरीवर कंदील विझला. वर येऊन पेटविला, पुन्हा तेथेच विझला. बाईंनी दारातून हे पाहिले. म्हणाल्या, "अहो, वर या. मला हे लक्षण बरं दिसत नाही." राजे हसून बोलिले, "वात ओली असेल. तू तर स्वतःच्या सावलीलाही भितेस." आणि विझला कंदील पायरीवर ठेवून उतरले. दांड्याचा आवाज दोन वेळा आला, मग आला नाही.

"अहो!" बाईंनी हाक दिली. हिलाल धावत आला आणि विझला कंदील पाहोन ओरडला, "बाईसाहेब, जुन्या हिरीत दिवा असाच इझतो! रसाची इखारी हवा कोंडली, आत मानूस गुदमरतो! खिडकी फोडतो मी!" आणि मुसळ घेऊन मागे पळाला. इकडे बाईंनी पदर खोचिला, श्वास रोखिला आणि पायऱ्या उतरल्या. अंधारात हातास राजियांची बंडी लागली, ती धरून ओढिले. छाती फुटावयास आली तरी तोंड उघडिले नाही, आणि तो देह एकेक पायरी वर आणिला.

अंगणात घटकाभराने राजियांनी डोळे उघडिले आणि पहिला शब्द काढिला, "साली दाबल्या का?" बाईंस रडू कोसळले आणि रडता रडता त्यांनी राजियांस एक चपराक दिली. ऐसे या राज्यात पूर्वी कधी घडले नव्हते.

एकूण मजकूर इतकाच की, वाइन उत्तम उतरली आणि पाहुण्यांनी वाखाणिली. तळघराचे दार बाईंनी काढून जळणात घातले. राजे अद्यापि पहिल्या पायरीशी थबकतात आणि मागे न पाहता विचारतात, "अगं, आहेस ना तिथे?" बाई म्हणतात, "आहे." मगच पाय खाली टाकतात. कळावे.