गुप्तेकाकांच्या भल्यासाठी पंचवीस जण

माणूस दुःखी असला की त्याला सोडून इतर सर्वांशी त्याबद्दल बोलावं, हे प्रगत समाजाचं लक्षण होय. मुलुंडच्या मधुमालती सोसायटीने ही प्रगती अवघ्या आठ महिन्यांत साधली.

तिसऱ्या मजल्यावरच्या श्यामसुंदर गुप्त्यांची पत्नी नीला आठ महिन्यांपूर्वी वारली. तेव्हापासून काका रोज चार वाजता चहा करतात. सवयीने दोन कप होतो. एक पितात, दुसऱ्याकडे बघत बसतात आणि त्यावर साय धरली की मोरीत ओततात. कोणीतरी येऊन तो कप प्यावा, एवढीच त्यांची इच्छा. (इच्छा इतकी किरकोळ होती की ती सोसायटीच्या एकाही पोटनियमात बसेना.)

काकांनी खाली येणं सोडलं तेव्हा सेक्रेटरी कुंदाताईंना खरोखर काळजी वाटली. त्यांनी तडक मानसिक आरोग्य उपसमिती नेमली. सल्लागार डॉ. शौनक यांनी समजावलं की आधुनिक पद्धतीत सल्लागार त्या माणसाला भेटत नाही, त्याच्याशी ज्यांचा संबंध येतो त्यांना भेटतो. ही पद्धत सर्वांना एकदम पटली, कारण तिच्यात तिसऱ्या मजल्यावर जावं लागत नव्हतं.

मग इस्त्रीवाला, लिफ्टमन, काकांच्या डोक्यावर राहणारे (म्हणजे चौथ्या मजल्यावरचे) अशा पंचवीस जणांशी सल्लामसलत झाली. पैकी बावीस जणांना काकांबद्दल फार वाईट वाटलं, दोघांना मध्यम, आणि एकाला काका म्हणजे कोणते ते आठवेना. 'सहानुभूतीने कसं ऐकावं' या कार्यशाळेत तर सगळे इतके बोलले की डॉक्टरांचं कोणालाच ऐकू आलं नाही.

"मी वर जाऊन बसू का जरा वेळ?" पहिल्या मजल्यावरच्या गंधालीने विचारलं.

"वेडी आहेस का गं?" कुंदाताई कडाडल्या. "ट्रेनिंग नाही तुझं. काहीतरी उलटसुलट बोलशील आणि वाट लागेल!"

खालचा हा गलका काका खिडकीतून ऐकत होते. सोसायटीत कोणाचं तरी बारसं असावं, असं त्यांना वाटलं. आपल्याला बोलावलं नाही याचं वाईटही वाटलं.

शेवटी मूल्यमापनासाठी लाभार्थ्याला प्रत्यक्ष पाहणं भाग पडलं. सव्वाचारला बेल वाजली. काकांनी घाईघाईने सदऱ्याची बटणं लावून दार उघडलं. दारात स्वयंसेविका किरण, हातात फॉर्म.

"ये गं, ये! चहा तयारच आहे."

"नको काका, लाभार्थ्याकडून काही घ्यायचं नाही असं सांगितलंय. एकच प्रश्न आहे. तुम्हांला आत्ता एकटं वाटतंय का? एक ते पाचमध्ये सांगा. पाच म्हणजे खूप."

आठ महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी त्यांची चौकशी करायला आलं होतं. काकांचे डोळे भरून आले.

"आत्ता?" ते हसले. "आत्ता नाही गं वाटत."

किरणने एक लिहिलं, थँक्यू म्हणाली आणि निघाली. लिफ्ट खाली पोहोचेपर्यंत काका दारातच उभे होते. आत दुसरा कप निवून गेला होता.

उपक्रम शंभर टक्के यशस्वी ठरला. कुंदाताईंना शाल मिळाली, काकांची फाईल बंद झाली. अहवालाच्या शेवटी सहभागींची यादी आहे. ही हकीकत इथवर वाचून आपणही काकांसाठी हळहळला असाल, तर आपलं नाव त्यात सव्विसावं धरलं आहे. फक्त सही करावी. आपल्या शेजारच्या दारामागे कोण राहतं, हा रकाना ऐच्छिक आहे.