सात लाँचची चाळीस जॅकेटं

लाँचचा परवाना आपल्या खिशात आहे, असं धाकट्याने धक्क्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आणि का सांगू नये? आसपासच्या पाच बंदरांनी एकत्र बसून प्रवासी लाँचसाठी नवा नियम केला होता आणि त्याची तपासणी करायला नेमलेली बाई त्याची सख्खी वहिनी होती. सकाळी जिच्या हातचा चहा प्यायचा, तीच दुपारी सही करणार. एवढी सोय देवसुद्धा करून ठेवत नाही.

नियम साधा होता. जितके प्रवासी तितकी लाइफ जॅकेटं, प्रत्येकाच्या आतल्या बाजूला, पाठीवर लाँचचं नाव रंगवलेलं, आणि लाँचमधून तेल किंवा कचरा पाण्यात पडता कामा नये. नावाची अट कशासाठी, हे धक्क्यावरच्या कुत्र्यालाही कळलं असतं. धक्क्यावर लाँच सात, पण जॅकेटं सगळ्यांत मिळून चाळीस! ती मालकांच्या संघाच्या कपाटात असत आणि ज्याची तपासणी, त्याच्या लाँचवर एक दिवस मुक्कामाला जात. वीस वर्षं सगळे असेच सुखाने पास होत आले होते.

नावाची अट आली तशी संघाची सभा भरली. सगळ्यांचे चेहरे पडलेले. शेवटी अध्यक्षांनी डोकं चालवलं. आपलं नाव घालायचं, पास व्हायचं, मग पांढऱ्या रंगाचा एक हात मारून जॅकेटं पुढच्याला द्यायची. नवी घेऊ, असं कोणीच म्हटलं नाही. धाकट्यानेही नाही.

त्याची लाँच सातवी. त्याच्याकडे जॅकेटं आली ती सहा नावं आणि सहा पांढरे हात अंगावर घेऊन, तीही तपासणीच्या आदल्या दुपारी. एकेक जॅकेट ओल्या गादीसारखं जड. त्याने आणि इंजिनवाल्याने मान मोडेपर्यंत बसून चाळीसच्या चाळीस रंगवली. रंग ओला राहील, असं इंजिनवाला दोनदा म्हणाला. वारा आहे, वाळेल, असं धाकट्याने दोनदा सांगितलं.

सकाळी चहा देताना वहिनीने विचारलं, "भावोजी, जॅकेटं तुमचीच ना?"

"म्हणजे काय वहिनी! नाव बघा की."

तिने गॅस बंद केला.

दुपारी ती गणवेशात आली आणि त्याला 'मालक' म्हणाली. ते त्याला टोचलं. आधीच्या सहा लाँच, ती रुजू होण्यापूर्वी, तिच्या मोठ्या साहेबांनी धक्क्यावर उभं राहून लांबूनच पास केल्या होत्या. वहिनी मात्र आत उतरली, जॅकेटं मोजली, नावं वाचली आणि एक जॅकेट सरळ अंगात घालून पट्टे आवळले. तिने ते काढलं तेव्हा गणवेशाच्या पाठीवर लाँचचं नाव उलट्या अक्षरांत छापलेलं होतं. इंजिनवाला फिस्सकन हसला. तिला मात्र त्याचा पत्ताच नव्हता.

"मालक, हे इतकं जड का?"

"मजबूत आहे."

तिने ते पाण्यात टाकलं. क्षणभर ते तरंगलं. धाकटा मनातल्या मनात देवाचे आभार मानू लागला, पण ते मानून व्हायच्या आत जॅकेट कललं आणि मुकाट्याने तळाला गेलं. त्याच्या जागी पांढऱ्या रंगाचा तवंग वर आला आणि पसरत पसरत धक्क्याच्या पायरीला लागला. माणसांची सुरक्षा आणि समुद्राची स्वच्छता, नियमाचे दोन्ही भाग एका जॅकेटने मिनिटभरात बुडवले.

"भावोजी," वहिनी हळू आवाजात म्हणाली, "रोज चाळीस माणसं बसतात हो तुमच्या लाँचवर."

"वीस वर्षांत कोणी बुडालं नाही, वहिनी."

तिने पेन काढलं. तिथेच अहवाल लिहिला आणि पाठीवर धाकट्याची जाहिरात मिरवत सगळा धक्का ओलांडून ऑफिसात गेली. ती घरी आल्यावर धाकट्याची आई तो गणवेश रॉकेलने घासत बसली. हा रंग कसला, असं तिने तीनदा विचारलं. लाँच बंद म्हणजे आपलं सगळंच बंद, या विचाराने धाकटा ताटावरून उठला. दुसऱ्या दिवसापासून त्याचा चहा त्यालाच करून घ्यावा लागला.

आठव्या दिवशी परवाना आला!

वहिनीने पाठवलेला फॉर्म मोठ्या साहेबांनी स्वतः पुरा केला होता. जॅकेटं चाळीस, पैकी एकोणचाळीस लाँचवर, एक लाँचखाली. नावं, आहेत. तेल सांडलं का, नाही. रंगाबद्दल कोणी विचारलंच नव्हतं. जॅकेट तरंगतं का, असा रकाना फॉर्मात नव्हता. वहिनीने तो हाताने आखून त्यात 'नाही' लिहिलं होतं. साहेबांनी तो खोडला होता आणि सरकारी फॉर्मात फेरफार केल्याबद्दल तिला लेखी समज दिली होती.

धाकट्याने परवाना काचेत लावला. मालकांनी त्याची पाठ थोपटली. त्याला आनंद काही झाला नाही. लाज वाटली, आणि त्या लाजेचं काय करायचं ते कळेना.

गुरुवारी आई पलीकडच्या काठावर, लेकीकडे जायला निघाली. दर गुरुवारी जायची. तिच्यामागे लाँचसाठी रांग लागलेली.

"आई, आज तू बसने जा."

"अरे, बसला दोन तास लागतात."

"लागू देत. जा म्हणतो ना."

आईला जरा कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती बोलायची मोठ्याने. "का रे? परवाना मिळाला ना तुला?"

"मिळाला."

"मग?"

सगळी रांग त्याच्याकडे बघत होती. त्याने मान खाली घातली. आई पिशवी उचलून बस स्टॉपकडे वळली. तिच्यामागे रांगेतला पहिला माणूस गेला, मग दुसरा, मग सगळेच.

त्या दिवशी लाँच अगदी वेळेवर सुटली. काचेत परवाना होता, एकोणचाळीस जॅकेटं होती, धाकटा होता आणि इंजिनवाला होता. इंजिनवाल्याने मात्र घरून येताना ट्रकची एक फुगवलेली ट्यूब आणली होती.