अकरा किलोची गिटार

मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. आमच्या हिचा बसलेला नाही, आणि ती गेली त्रेचाळीस वर्षं, नाइलाजाने का होईना, माझ्यावर विश्वास ठेवत आलेली बाई आहे! पण छातीवर हात ठेवून सांगतो : अख्ख्या शहरात, दिलेल्या पैशांचं पुरेपूर मोल देणारी इलेक्ट्रिक गिटार मी एका दिवसात शोधून काढली. आणि त्या दिवसाच्या सकाळपर्यंत, गिटार आडवी धरतात की उभी, हेही मला ठाऊक नव्हतं!

हे मी लिहिता लिहिता मोठ्याने वाचतोय. समोर ही वाटाणे सोलतेय आणि तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, सोललेले वाटाणे खातोय. मेहुणा जन्मभर कोर्टात लघुलेखक होता. माणूस जे बोलेल ते जसंच्या तसं, वेळेसकट, वहीत उतरवायची त्याला खोड आहे. निवृत्त झाला, तरी वही सुटली नाही. असा माणूस घरात असणं म्हणजे बुटात खडा असणं!

तर मुद्द्यावर येतो. आमच्या नातीचा चार मुलींचा बँड आहे. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता त्यांची स्पर्धा. नात गिटार वाजवते, पण गिटार मैत्रिणीची, उसनी. गुरुवारी दोघींचं कशावरून तरी बिनसलं आणि मैत्रीण गिटार घेऊन गेली. जाताना नातीच्या खांद्यावरचा गिटारीचा पट्टासुद्धा काढून नेला!

शुक्रवारी पाहतो तर पोरगी कॉम्प्युटरसमोर डोकं धरून बसलेली.

"काय गं, काय झालं?"

"आजोबा, आठ महिने शिकवण्या करून पैसे जमवलेत. तेवढ्यात जी सगळ्यांत चांगली मिळेल ती हवी. एक जण म्हणतो ही घ्या, दुसरा म्हणतो ही चुकूनही घेऊ नका. बावीस पानं उघडलीत!"

"मग तेविसावं उघड!"

"उद्या पाचपर्यंत माझ्या हातात गिटार नसेल ना, तर माझ्या जागी ड्रमवालीची मावसबहीण उभी राहणार आहे. तिच्याकडे तीन गिटारी आहेत. आणि एकदा का ती उभी राहिली, की माझी जागा गेलीच!"

आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत नाही. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होतो मी! लोक मला काटेआप्पा म्हणायचे. मला पाहून तराजू आपोआप सरळ व्हायचे. कोळशाच्या वखारीपासून सोनाराच्या पेढीपर्यंत, ज्याचं मोल वजनाने ठरत नाही अशी वस्तू मी पाहिलेली नाही.

"पैसे इकडे दे," मी म्हटलं. "तू सकाळी निवांत परीक्षेचा पेपर दे. दुपारी घरी येशील तेव्हा पलंगावर गिटार!"

"आजोबा, पण तुम्हाला गिटारीतलं काय कळतं?"

"बेटा, किंमत भागिले वजन! किलोमागे जी स्वस्त, ती सगळ्यांत किफायतशीर. एवढं साधं गणित, आणि लोक बावीस बावीस पानं वाचत बसतात!"

तिने नको नको म्हणत पाकीट दिलं. दुसरं करणार काय? पेपर दहा ते एक होता.

शनिवारी सकाळी माळ्यावरून माझा जुना ताणकाटा काढला. पितळी, खाली हूक, वर खात्याचा शिक्का. मेहुण्याला वही घेऊन बरोबर घेतलं. वाद्यांची गल्ली गाठली. पहिल्या दुकानात शिरलो, समोर टांगलेली लाल गिटार उचलली आणि तिची मान हुकात अडकवली.

"तीन किलो सहाशे!" मी ओरडलो. "लिही!"

"तीन किलो सहाशे. दहा वाजून बारा मिनिटं," मेहुणा पुटपुटला.

दुकानदार काउंटरमागून असा उठला जणू खुर्चीला चटका बसला. त्याने काटा पाहिला. काट्यावरचा शिक्का पाहिला. वही पाहिली.

"साहेब... काही तक्रार आलीय का?"

"तक्रार कशाची? भाव सांगा!"

"पाटीवर आहे तो... म्हणजे पाटी जुनी आहे साहेब! खरा भाव त्याहून कमी आहे. बराच कमी!"

मी मेहुण्याकडे पाहून डोळा मिचकावला. याला म्हणतात घासाघीस! तोंडही उघडलं नाही आणि भाव उतरला! मी आणखी चार गिटारी तोलल्या. प्रत्येक वेळी काटा लावला की भाव खाली! शेवटी त्या भल्या माणसाने मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि आत जाऊन घाईघाईने कुणाला तरी फोन केला.

दुसऱ्या दुकानाचं शटर आम्ही पोचेपर्यंत अर्धं खाली आलं होतं. तिसऱ्या दुकानात तर चमत्कारच! प्रत्येक गिटारीच्या गळ्यात ताजी चिठ्ठी, शाई अजून ओली : वजन तीन किलो आठशे. वजन चार किलो शंभर. दुकानदार दारात हात जोडून उभा.

"आमच्याकडे सगळं नियमाप्रमाणे असतं, साहेब!"

"वा! असाच धंदा करावा!" मी त्याची पाठ थोपटली. बिचाऱ्याने आणखी वाकून नमस्कार केला.

तोवर आमच्यामागे पोरांची गर्दी जमली होती. मानेपर्यंत केस, गुडघ्यावर फाटलेल्या विजारी. त्यांतल्या एकाने धीर करून विचारलं, "काका, तुम्ही वजन का बघताय?"

आता मला कुणी विचारलं आणि मी गप्प बसलो, असं कधी झालंय? मी तिथल्या एका स्टुलावर चढलो.

"बाळांनो, जड लाकूड म्हणजे भरलेलं लाकूड! हलकी गिटार म्हणजे पोकळ भोपळा! सूर कुठे राहणार? लाकडातच ना? मग जितकं लाकूड जास्त, तितके सूर जास्त!"

"काका, एकदम पटलं!" दुसरा म्हणाला. "माझ्या गुरूने हे कधीच सांगितलं नाही!"

"गुरूकडे काटा नसेल!"

बघता बघता वणवा लागला. पोरं जड गिटारींवर तुटून पडली. "चार किलोच्या वरची आहे का?" "माझी आधी!" "ही मी आधी धरली!" गल्लीत असा कालवा झाला की पलीकडच्या गल्लीतले चष्मेवाले दुकान सोडून बघायला आले. दुकानदारही काही दुधखुळे नव्हते. तासाभरात जड गिटारींचे भाव आकाशाला भिडले, आणि हलक्या बिचाऱ्या कोपऱ्यात ढीग होऊन पडल्या. त्यांच्यावर पाटी : निम्म्या दरात.

"भाऊजी," मेहुणा वहीतून मान वर काढून म्हणाला, "तुमच्या भाषणामुळे तुमचंच गणित बिघडलं. आता जड ती महाग झाली."

"तू लिही रे! शोधणाऱ्याला सापडतं!"

आणि सापडली! चौथ्या दुकानाच्या दाराशी, भिंतीला टेकवून ठेवलेली. काळीभोर, चकचकीत, माझ्या खांद्याएवढी उंच! हुकात अडकवली तर माझा ताणकाटा कळवळला. अकरा किलो! मेहुण्याने दोन हातांनी माझी कंबर धरली म्हणून मी उभा राहिलो!

"ही! हिचा भाव काय?"

चौथा दुकानदार टकला, गोल गरगरीत आणि आधीच घामाने डबडबलेला. त्याला फोन येऊन गेला असणार. "साहेब, ती कशाला? ती... ती अशीच घेऊन जा हवं तर!"

"अशीच? मला लाच देतोस? चौतीस वर्षांत कुणाचा चहा प्यालो नाही मी! भाव सांग!"

त्याने डोळे मिटून काहीतरी आकडा सांगितला. मी मनात भागाकार केला आणि वाचकहो, मला भरून आलं! किलोमागे हा भाव? या भावात जळाऊ लाकूडसुद्धा मिळत नाही!

"पण साहेब, ती वाजत नाही..."

"वाजवायला माझी नात आहे!"

"अहो, तिच्या आत काही नाही!"

"संगीत वाद्याच्या आत नसतं, वाजवणाऱ्याच्या बोटांत असतं!"

त्याने कपाळावर हात मारला. बघा, सत्य ऐकलं की माणूस कपाळावर हात मारतोच. मेहुण्याने हाही संवाद शब्दशः टिपून घेतला. मी पैसे मोजले, आम्ही दोघांनी ती प्रेतासारखी खांद्यावर घेतली आणि घरी आलो. पाकिटातले निम्म्याहून अधिक पैसे उरलेले! त्या आनंदात चार मजले चढताना मला धापसुद्धा लागली नाही.

(मेहुणा : लागली. तीनदा बसलात.)

दीड वाजता नात आली. पलंगाकडे पाहिलं. मी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा. ही दारात. पोरगी ओरडेल, गळ्यात पडेल, म्हणून मी चष्मा काढून ठेवला होता.

ती सरळ पलंगापाशी आली. तिने गिटारीला टिचकी मारली. ठण्ण! बादलीला मारल्यासारखा आवाज आला. मग तिने ती कशीबशी उलटी केली.

"आजोबा," ती अगदी हळू म्हणाली, "हिच्या पाठीवर दुकानाचा फोन नंबर आहे."

"हो, गॅरंटीचा!"

"आजोबा, ही दुकानाची पाटी आहे. दारावर टांगतात ती. पत्र्याची."

हिच्या हातातलं लाटणं खाली पडलं.

"अहो," ही म्हणाली, "त्रेचाळीस वर्षांत तुम्ही बरंच काही घरात आणलंत. पण दुकानाची पाटी?"

मला हिच्या बोलण्याचं काही वाटलं नाही, सवय आहे. पण पोरगी रडलीसुद्धा नाही हो! नुसती पलंगाच्या कडेला बसून घड्याळाकडे बघत राहिली. आठ महिने दुसऱ्यांच्या पोरांना शिकवून पै पै जमवली तिने, आणि मी तिला पत्रा आणून दिला. जन्मभर लोकांची मापं तपासली, पण त्या दिवशी माझं माप माझ्याच पदरात पडलं.

"ऊठ!" मी म्हटलं. "अजून साडेतीन तास आहेत. मेहुण्या, तू मागून धर!"

पुन्हा तीच गल्ली, पुन्हा तोच टकला दुकानदार. नात आत शिरली, जड गिटारींच्या रिकाम्या खुंट्यांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेली. एक मळकट पिवळी गिटार उचलली. कान लाकडाला लावून एकच तार छेडली. मग एक डोळा मिटून तिच्या मानेवरून अशी नजर फिरवली की माझ्या अंगावर काटा आला! अहो, लोखंडी मोजपट्टी वाकडी आहे का ते आम्ही खात्यात असंच बघायचो! रक्त बोलतं ते असं!

वायर जोडली. वाजवली. आणि काय सांगू! टकल्या दुकानदाराचं उरलंसुरलं घामाचं पाणी जागच्या जागी वाळलं. गल्लीतली पोरं आपापल्या चार किलोच्या गिटारी खांद्यावर घेऊन दारात थबकली.

"हिची किंमत?" नातीने विचारलं.

"पाटीवर आहे ती," दुकानदार कण्हला. "सकाळपर्यंत दुप्पट होती."

"कमी का केली?"

"हे साहेबच म्हणाले ना, हलकी म्हणजे पोकळ भोपळा!"

नातीने माझ्याकडे पाहिलं. गालातल्या गालात हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली! तुम्हीच सांगा, ही गिटार त्या भावात आणली कुणी? शहरात सगळ्यांत किफायतशीर गिटार मी शोधली नाही, मी ती घडवली!

"पण यांना साहेब का म्हणताय?" नात पैसे देता देता म्हणाली. "हे माझे आजोबा. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. काट्याकडे पाहिलं. पत्र्याच्या गिटारीकडे पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू लाल व्हायला लागला. गर्दीतून बाकीचे दोन दुकानदारही पुढे सरकले.

"पाटीवर लिहिलेला भाव तोच भाव!" मी नातीला ओरडून सांगितलं. "कायदा आहे! तू पळ!"

पोरगी गिटार घेऊन वाऱ्यासारखी पळाली. साडेचारला हॉलवर पोचली, आपल्या जागी उभी राहिली. मावसबहीण तीन गिटारींसकट प्रेक्षकांत बसली!

इथे दुकानात पुढे जे थोडंफार बोलणं झालं ते महत्त्वाचं नाही, सोडून देतो. बरोबर पाच वाजता मी हॉलमध्ये पहिल्या रांगेत! पडदा उघडला, नातीने पहिला सूर लावला आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या! पहिला नंबर!

(ही : तिसरा.)

तिसरा तर तिसरा! परीक्षकांनी माईकवरून विचारलं, एवढ्या कमी पैशांत असं वाद्य निवडलं कुणी? नातीने माझ्याकडे बोट केलं. मला हाताला धरून स्टेजवर नेलं. मी ती गिटार हातात घेतली, एक तार, फक्त एकच तार छेडली आणि वाचकहो, हजार माणसं! हजार माणसं एकदम उभी राहिली! त्या टाळ्या अजून माझ्या कानात...

मेहुण्याने तोंडातले वाटाणे गिळले. वही उघडली. दोन पानं मागे गेला, बोट ठेवलं आणि कोर्टातल्या आवाजात मोठ्याने वाचलं :

"भाऊजी, पाच वाजता तुम्ही शिडीवर होता, पत्र्याची गिटार दुकानाच्या दारावर परत टांगत. पाच वाजून चाळीस मिनिटांनीही शिडीवरच होता, कारण ती दोनदा तिरकी लागली. शिडी मी धरली होती. टाळ्या दुकानदारांनी वाजवल्या."