कच्चं की शिजलेलं?

आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीत वानखेडेकाकांसमोर कुणी वजनाची गोष्ट काढत नाही. काढलीच, तर काका चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, "कच्चं की शिजलेलं?"

एकदा लिफ्टमध्ये जिमवाल्या रोहितनं फुशारकी मारली, "अंकल, रोज पाव किलो चिकन!"

"कच्चा या पका?"

"तौलता तो कच्चा हूँ।"

"और फोन में कॅलरी पके की देखता होगा. बेटा, पकने पर पानी उड़ जाता है. तू तो पानी भी जोड़ रहा है!" रोहित एक मजला आधीच उतरला.

माझ्या मुलीच्या बारशाला कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "बाळ चांगलं तीन किलोचं आहे हं!" काकांचे ओठ हलले. शीलाकाकूंनी डोळे वटारले, म्हणून पोर वाचली.

काका मूळचे नागपूरकडचे, सरकारी नोकरीसाठी दिल्लीत आले आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले. ओट्यावर त्यांचा छोटा वजनकाटा असतो. मटण आधी तोलतात, शिजल्यावर तोलतात आणि मधला सगळा वेळ पातेल्याकडे बघत उभे राहतात. हिवाळ्यात खिडकीबाहेर धुकं, आत वाफ आणि काकांच्या चष्म्यावर दोन्ही. अशा वेळी हाक मारली तर ते फार लांबून आल्यासारखे वळतात.

"बघ, वजन घटलं. पण गेलं ते पाणी. ताकद आतच आहे," ते हळूच म्हणतात, जणू मटण ऐकत असावं.

सोसायटीच्या पार्टीत शेगडीवर कबाब भाजत होते. चरबी निखाऱ्यांवर टपटपत होती आणि डाएटवाली मंडळी खूश होती. काका मात्र प्रत्येक थेंबाला हळहळत होते. "गेली... ही पण गेली." मी नवऱ्याला म्हटलं, "काकांचं काही खरं नाही."

गेल्या जानेवारीत मी तिळगूळ द्यायला गेले. मोठ्या आजारातून उठलेल्या शीलाकाकू बाल्कनीतल्या उन्हात बसल्या होत्या. शालीतून नुसता चेहरा दिसत होता. काका स्वयंपाकघरात एका लहान वाटीत मटण वाढत होते. चारच तुकडे, वर आटून दाट झालेला रस्सा.

"एवढंसंच, काका?"

"हळू बोल. भरलेलं ताट पाहिलं की घाबरते ती. चार घास खाते, बस. मग जे काय द्यायचं ते त्या चार घासांतच बसवावं लागतं. भाजलं की चरबी गळून जाते. म्हणून शिजवतो आणि रस्सा आटवतो. पाणी जाऊ दे, बाकी थेंबही बाहेर जाऊ द्यायचा नाही."

आम्ही सगळे कमी करायला कॅलरी मोजत होतो. हा माणूस वाढवायला मोजत होता.

काकूंनी सावकाश वाटी संपवली. आम्ही दोघं बाल्कनीच्या दारात उभे होतो, उगाच तिळगुळाचं बोलत. काकूंनी बोट चाटलं.

"अहो, अजून एक तुकडा आहे का?"

काका जवळजवळ पळतच आत गेले. पातेल्यातून तुकडा काढला, वजनकाट्यावर न थांबता हात तसाच पुढे आला आणि तुकडा थेट काकूंच्या वाटीत पडला.

"काका, तोलायचं राहिलं की!" मी चिडवलं.

"राहू दे गं," ते म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले. बाल्कनीत लख्ख ऊन होतं, वाफ कुठेच नव्हती.